‘इस्चीट’चं अर्धं कूळ

चंद्रपूरच्या कोर्टाजवळ माझं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, आणि पाटीवर तिसऱ्या ओळीत, जरा बारीक अक्षरात, ‘मराठी-इंग्रजी भाषांतर’. पहिली दोन कामं आमच्या ओळीतले पाचसहा जण करतात. तिसरं मी एकटी करते, आणि ते मला सरांनी शिकवलं. आता ते पुण्याला मुलाकडे असतात. हे सगळं लिहायला बसले तेव्हा पहिल्या वाक्यातच त्यांना ‘सर’ म्हणावं की नाही यावर मी बराच वेळ अडकले. शेवटी तेच ठेवलं. दुसरं काही त्यांना मी कधी म्हटलंच नाही.

आमचं घर बल्लारपूरला. वडील कागद कारखान्यात. घरात कोरा कागद हवा तेवढा, पुस्तक एकही नाही. बाबासाहेबांचे दोन ग्रंथ होते, ते फोटोखाली ठेवलेले, लाल कपड्यात. कॉलेजला मी रोज पॅसेंजरने चंद्रपूरला यायची. पहिल्याच वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी मला उभं करून धडा वाचायला लावला. ‘मसल’ हा शब्द आला आणि मी तो दिसतो तसा वाचला, ‘मस्कल’. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एकजण दंड दाखवून ‘मस्कल, मस्कल’ करू लागला.

सर हसले नाहीत. ते म्हणाले, “बसा सगळे. तुम्ही ऐकलेलं बोलता, हिनं लिहिलेलं वाचलं. तो ‘क’ तिथे उगाच नाही. लॅटिनमध्ये ‘मस्कुलस’ म्हणजे छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो ना, म्हणून ते नाव. उंदीर गेला, शेपटी राहिली. ती हिला दिसली.”

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. याहून वेगळं कसं सांगू मला कळत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या चुकीत कोणीतरी भर वर्गात हुशारी शोधून दाखवली, तर ती मुलगी त्या माणसासाठी काय करणार नाही?

पठाणपुरा गेटच्या आत त्यांचं घर होतं. दर रविवारी मी तिथे जायला लागले. फी नाही. वडिलांनी एकदा पिशवीभर शिंगाडे पाठवले तर सर म्हणाले, “हे शेवटचं. पुढच्या वेळी पाठवले तर शिकवणी बंद.” पण शिंगाडे त्यांनी स्वतः सोलून खाल्ले, आणि मलाही दिले. त्यांची शिकवण्याची पद्धत एकच होती. एक शब्द घ्यायचा आणि त्याचं कूळ काढायचं. ‘क्लू’ म्हणजे मुळात दोऱ्याचा गुंडा, धरून धरून भुलभुलैयातून बाहेर यायला. ‘कम्पॅनियन’ म्हणजे ज्याच्यासोबत भाकर खाल्ली तो. “आपल्या झाडीपट्टीत भात म्हणू,” असं सर वर जोडायचे. आणि ‘नाइस’. या शब्दाचा मूळ अर्थ अडाणी असा आहे हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “सर, हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. चांगला शब्द होता.”

तेव्हा ते जरा रागावले. “शब्दाचं कूळ सांगायचं तर पूर्ण सांगायचं. त्यात वेडा निघो, चोर निघो. अर्धं कूळ सांगणं म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्याची लबाडी.”

त्या घरात आणखी एक माणूस रोज यायचं, ते म्हणजे बाई. सगळा मोहल्ला त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणायचा. सरकारी नर्स होत्या. अख्खी नोकरी भामरागडकडच्या दवाखान्यांत काढली होती, हेमलकशाच्याही पलीकडे, जिथे पावसाळ्यात नाले भरले की गाव महिनामहिना तुटून जायचं. मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न केलं नव्हतं, भाऊबंदांत कोणी उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर सरांच्या घरापासून तिसरं घर त्यांनी घेतलं होतं. दोन खोल्या, पण मागे शहराच्या जुन्या परकोटाच्या भिंतीपर्यंत मोठी मोकळी जागा.

सरांची बायको तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. दोन वर्षं. बाई रोज सकाळी यायच्या, त्यांना पुसून घ्यायच्या, कूस बदलायच्या, इंजेक्शन द्यायच्या. मी रविवारी आठला पोचायची तर आतून त्यांचा आवाज यायचा, “झालं माय, झालं. एवढा हात वर कर.” सरांनी काही देऊ केलं की म्हणायच्या, “सर, तुमी शिकवायचे पैसे घेत नाई, मी धुवायचे घेत नाई. फिटमफाट.”

बाईंची एक मुलगी होती. पोटची नव्हे. तिकडच्या एका पाड्यावर बाळंतपणात एक माडिया आदिवासी बाई गेली, ती यांच्याच हातात गेली, आणि वर्षभरात बापही तापाने गेला. गावाने बसून ठरवलं आणि पोर यांच्या ओटीत घातली. कागद कोणी केला नाही. तिथे कागद करणारं होतं कोण? मी सरांकडे जायची तेव्हा ती गडचिरोलीला नर्सिंगच्या कोर्सला होती, सुट्टीत घरी यायची. मी तिला चारपाच वेळा तरी पाहिलं असेल. सगळे बाई म्हणायचे, ती एकटी ‘आई’ म्हणायची. हे माझ्या चांगलं ध्यानात होतं. पुढे जे झालं त्यात हे महत्त्वाचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मग माझं कॉलेज संपलं, लग्न झालं, दुकान झालं. सरांची बायको वारली. सर निवृत्त झाले, पण स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. चार जाणत्या माणसांना घेऊन त्यांनी एक संस्था काढली. जंगलातल्या गावांतून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी चंद्रपुरात वाचनालय आणि भाषेचे वर्ग, असं त्यांच्या मनात होतं. जागा मिळत नव्हती. दर भेटीत जागेचंच बोलायचे.

बाई एका हिवाळ्यात गेल्या. मी अंत्यविधीला गेले नाही, त्या दिवशी मला कळलंच नाही. सरांनी चार दिवसांनी फोन करून सांगितलं. आवाज भरून आला होता. तो खोटा नव्हता असं मला अजूनही वाटतं.

काही महिन्यांनी सर स्वतः ऑटोने माझ्या दुकानात आले. हातात मराठीत लिहिलेलं एक निवेदन होतं, त्यांच्याच सुंदर अक्षरात. बाईंना कोणीही वारस नाही, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही, तरी त्यांची मालमत्ता सरकारजमा व्हावी आणि ती जागा संस्थेला लोकोपयोगी कामासाठी मिळावी, असा मजकूर. नागपूरच्या वकिलाला त्याची इंग्रजी प्रत हवी होती.

मी वाचलं. वाचताना एका ठिकाणी थांबले, हेही खरं.

“सर, बाईंजवळ एक मुलगी होती ना?”

“सांभाळलेली,” सर म्हणाले. “दत्तक नव्हे. कायद्यात तिचं नाव कुठेच नाही. आणि बाईंनी काही लिहून ठेवलं नाही. मी म्हणत होतो त्यांना, पण तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव.”

मी मान हलवली. मला त्यांचा स्वभाव कुठे एवढा माहीत होता? पण सर म्हणाले, तुला माहीत आहे, म्हणून मला माहीत होतं.

वकिलाने सोबत चिठ्ठी दिली होती, अमुक अमुक शब्द वापरावेत म्हणून. त्यात एक शब्द मला नवा होता. ‘इस्चीट’. इतकी वर्षं कोर्टाजवळ काढूनही तो माझ्यासमोर आला नव्हता. मी सरांना विचारलं. खरं तर मला आनंदच झाला, पुन्हा रविवार आल्यासारखा.

सर खुर्चीत मागे रेलले. “बेवारस मालमत्ता सरकारकडे जाते, त्याला म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कॅडेरे’ म्हणजे पडणं. ‘एक्स’ लागला की गळून पडणं. फ्रेंचांनी त्याचा केला ‘एशेत’. कोणाच्या वाट्याला गळून पडलेलं ते. ‘ॲक्सिडेंट’, ‘चान्स’, कोर्टातली ‘केस’, सगळी याच्याच गोतातली. आणि आपल्याकडेही बघ. केस पडते, गाठ पडते, वाटणी पडते. मोहफूल पहाटे पडतं, आणि ज्या घराचं झाड त्या घरची बाई वेचते. झाडाला घरच नसेल, तर राजाचं.”

“किती छान शब्द आहे सर,” मी म्हटलं.

“छान आहे,” सर म्हणाले आणि घड्याळ पाहिलं.

मी ते भाषांतर मन लावून केलं. एकेक वाक्य दोनदा तपासलं. ‘कोणीही वारस नाही’ यासाठी मी जे इंग्रजी वाक्य लिहिलं ते इतकं नेटकं जमलं होतं की मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

त्यानंतर उन्हाळ्यात, भर दुपारी, दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. पांढऱ्या साडीवर धूळ, खांद्याला मोठी बॅग, कपाळावर बारीक गोंदण. ओळीतल्या दोन दुकानदारांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

“ताई, हे इंग्रजीत आहे. मले वाचून सांगता काय?”

मी तिला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं. कागद हातात घेऊन पहिली ओळ वाचली. ते माझंच वाक्य होतं. माझीच टायपिंगची ठेवण, दोन्ही बाजूंना सोडलेली माझीच मोकळी जागा.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“तुमी सरकडं येत होत्या ना? इतवारी?”

मी हो म्हटलं.

ती सांगू लागली. ती एटापल्लीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. आई गेल्यावर तेरवी करून ड्युटीवर गेली, मग तिकडे तापाची साथ आली, सुट्टी मिळेना. महिन्या-दीड महिन्याने एकदा यायची, घर झाडायची, जायची. या खेपेला आली तर दारावर सरकारी कुलूप आणि चिकटवलेली नोटीस. कोणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा. तहसीलमध्ये जाऊन तिने कागदांच्या नकला काढल्या होत्या.

“नोटीस मले समजली. हे नाई समजलं. काय लिवलं आहे याच्यात?”

मी वाचलं. दुसरं काय करणार होते? एकेक वाक्य वाचून मराठीत सांगितलं. ‘कोणीही वारस नाही’ हे वाक्य आलं तेव्हा मी ते घाईने म्हणून पुढे जाऊ लागले.

“थांबा ताई. कोनीच नाई, असं लिवलं आहे?”

“हो.”

“मंग मी कोन आहो?”

ती रडली वगैरे नाही. कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, “हे सरनं लिवलं?”

“सरांनी मराठीत लिहिलं. इंग्रजी मी केलं.”

तिने बोट काढून घेतलं. मग बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. नर्सिंगचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, आणि सगळ्यांत खाली घडीवर घडी केलेली एक झेरॉक्स.

“आईनं मरायच्या तीन सालाअगोदर लिवून ठेवलं होतं. खरा कागद सरकडं ठेवाले देल्ला. म्हने, माह्या घरात वाळवी लागते, सरच्या घरात पुस्तकं आहेत, ते कागद जपते. मले हे झेरॉक्स देल्लं.”

बाईंचं अक्षर मला ठाऊक नव्हतं. मजकूर आठदहा ओळींचा, साधा. घर आणि मागची जागा माझ्या मुलीला. खाली बाईंची सही, आणि साक्षीदार म्हणून दोन सह्या. एक कोणा दवाखान्यातल्या शिपायाची. दुसरी सही मी हजार सह्यांतून ओळखली असती. शेवटच्या अक्षरावरची वेलांटी मागे नेऊन सर आपल्या पूर्ण नावावर छप्पर घालायचे.

मी ती झेरॉक्स टेबलावर ठेवली. सरांनी सांगितलं होतं, बाईंनी काही लिहून ठेवलं नाही. त्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं, जिथे आता ती बसली होती.

“आन हा शब्द काय आहे?” तिने विचारलं. नकलेत कोणा कारकुनाने त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

सरांनी सांगितलेलं तिला सांगायला माझी जीभ वळेना. मी मागच्या कपाटातून मोठी डिक्शनरी काढली. इस्चीट हा शब्द मी तिच्यात पाहिलाच नव्हता, सरांनी सांगितल्यावर पाहायची गरज काय! लॅटिन, फ्रेंच, गळून पडणं, सगळं सरांनी सांगितलं तसंच होतं. मग त्याच्या खाली आणखी चार ओळी. इंग्लंडच्या राजाने ही बेवारस मालमत्ता गोळा करायला अधिकारी नेमले होते. ते इतके लबाड निघाले, जिवंत वारस असलेल्यांची घरंदारं ‘बेवारस’ म्हणून इतकी लुबाडली, की त्यांच्या कामाच्याच नावाचं तोंड तोडून लोकांनी एक नवा शब्द केला. ‘चीट’.

“चीट?” ती म्हणाली. “म्हंजे ते चीटिंगवालं?”

“हो. त्यातूनच आलाय तो.”

“मंग बराबर लिवलं आहे,” ती म्हणाली.

मला सगळ्यात जास्त काय लागलं हे सांगितलं तर लोकांना हसू येईल. सरांनी मृत्युपत्र लपवलं, हे मोठं. पण त्या क्षणी मला ते चार ओळींचं लागलं. ज्या माणसाने ‘नाइस’सारख्या गरीब शब्दाचंही वाईट कूळ माझ्यापासून लपवलं नव्हतं, त्याने या शब्दाचं अर्धंच सांगितलं. विसरले म्हणावं तर सर शब्द विसरत नव्हते. त्यांना उरलेलं अर्धं माहीत होतं, आणि मला ते सांगितलं तर मी काय विचारीन हेही माहीत होतं. म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी त्याच संध्याकाळी पठाणपुऱ्यात गेले. तिला सोबत नेलं नाही. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते.

“ये ये,” म्हणाले. “आज रविवार नाही, तरी?”

मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली, घडी केली आणि परत दिली. चेहऱ्यावर फार काही हललं नाही.

“ती भेटली वाटतं.”

“खरा कागद कुठे आहे, सर?”

“बस आधी.”

“कागद कुठे आहे?”

त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. “हे बघ, बाई शेवटी शेवटी भावनेत काहीही करत होत्या. मी त्या कागदाला कागद मानत नाही. ती मुलगी नोकरीला आहे, सरकारी क्वार्टर आहे, इथे ती राहणार नाही. उद्या एखादा बिल्डर येईल आणि चार मजले उभे करील. त्याऐवजी तिथे वाचनालय झालं तर जंगलातून येणाऱ्या शंभर मुली शिकतील. तुझ्यासारख्या.”

“तीपण जंगलातूनच आलेली मुलगी आहे, सर.”

त्यांनी पाइप उचलून दुसऱ्या झाडाच्या आळ्यात टाकला.

“तुम्ही मला ‘चीट’चं का नाही सांगितलं?”

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. सगळ्या बोलण्यात तेवढ्याच वेळी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “शब्दाचं मूळ आणि त्याचा आजचा अर्थ एक नसतो. एवढं तर शिकवलंय मी तुला.”

“हे निवेदन तुम्ही दुसऱ्या कोणाकडूनही करून घेऊ शकला असता. माझ्याकडे का आणलं?”

“तू चांगलं करतेस,” सर म्हणाले. “आणि तू फार विचारत नाहीस.”

मी घरी कशी आले मला आठवत नाही. दोन दिवस दुकान उघडलं नाही. नवरा म्हणाला, कोर्टकचेरीच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, आपलं पोट तिथेच आहे. त्याचंही खोटं नव्हतं. मी बल्लारपूरला वडिलांकडे गेले. त्यांना आता ऐकू कमी येतं, सगळं ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांनाही कळलं असणार. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, “तुले काऊन भेव वाटून राह्यलं?”

“सरांनी मला शिकवलं, बाबा. त्यांच्याविरुद्ध मी कसं लिहून देऊ?”

“सरनं तुले भाषा देल्ली. डोकं नाई देल्लं. ते तुहं होतं म्हनून त्याईनं भाषा देल्ली.” मग आईला म्हणाले, “हिले जेवाले वाढ.”

मी लिहून दिलं. ते निवेदन मी भाषांतरित केलं, तेव्हा मुलीबद्दल विचारलं असता मला अमुक सांगण्यात आलं, आणि ही झेरॉक्स मी अमुक दिवशी पाहिली. एवढंच. तिने हरकत दाखल केली. आणि दुसऱ्या साक्षीदाराला शोधायला आम्ही दोघी एस.टी.ने आलापल्लीला गेलो. दवाखान्यातला निवृत्त शिपाई, सगळे त्यांना भाऊ म्हणत. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. ते अंगणात झाडूसाठी गवत बांधत होते. तिला पाहून म्हणाले, “माय गेली तं सांगाचं नाई काय वं पोरी?” आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिले. यायला तयार आहात का, असं मी विचारलं तर म्हणाले, “सही केली आहे तं याचं लागनच.”

तहसीलमधल्या सुनावणीला मी मागे भिंतीला टेकून उभी होते. सर पांढऱ्या शर्टात, ताठ. साहेबांनी झेरॉक्स दाखवून विचारलं, ही सही तुमची?

“माझ्यासारखी दिसते.”

“हा कागद तुमच्यासमोर झाला?”

“मला आठवत नाही.”

ते तीन शब्द मी ऐकले. तोपर्यंत मला कुठेतरी वाटत होतं की सर ऐन वेळी खिशातून खरा कागद काढतील. खरंच वाटत होतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कोण कशाला काय म्हणायचं हे ज्यांना आठवायचं, त्यांना तिसऱ्या घरात राहणाऱ्या, आपल्या बायकोचं अंग पुसणाऱ्या बाईचा कागद आठवत नव्हता. सर माझ्यासाठी त्या खोलीत संपले.

मग भाऊंना विचारलं. ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, पयले याईनं सही केली, मंग मी. माह्याजवळ पेन नोयता, याईनंच आपला देल्ला. शाईचा होता. मले म्हनलं, भाऊ, दाबून लिहू नका, नीब मोडते. म्हनून माही सही फिकी आहे, पहा.”

साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला. सरांच्या खिशाला तेव्हाही तोच पेन होता.

कागद खरा की खोटा हे दिवाणी न्यायालयाने ठरवावं आणि तोवर घर सरकारजमा करू नये, असा हुकूम झाला. कुलूप निघालं. दावा पुढे चालला, तारखा पडत गेल्या. ती एटापल्लीहून रात्रभराचा प्रवास करून तारखेला यायची आणि परत ड्युटीवर जायची. भाऊ दोनदा आले. तिसऱ्यांदा यायच्या आत त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग हिरवी पट्टी लावून आले. सर एकदाच आले आणि पुन्हा आठवत नाही म्हणाले. खरा कागद शेवटपर्यंत सापडला नाही. गेल्या वर्षी निकाल लागला. भाऊंची साक्ष आणि झेरॉक्स धरून घर तिचं झालं. सरांची संस्था बंद पडली की दुसरीकडे चालते, मी चौकशी केली नाही.

गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. काही म्हणाले, ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्यावर उलटली. एका जुन्या वर्गमित्राने फोन करून सांगितलं, सर तुझ्यामुळे खचले. मी म्हटलं, हो, मीही. इंग्रजी शब्द माझ्या पोटापाण्याचे आहेत, ते मला टाकता येत नाहीत. पण नवा शब्द भेटला की पूर्वी जो हर्ष व्हायचा तो होत नाही. आधी वाटतं, याचं काय लपवलं असेल?

निकालानंतर महिन्याभराने तिने मला घरी जेवायला बोलावलं. मागच्या जागेत तिने वांगी, मिरच्या लावल्या होत्या. तिच्या उपकेंद्राच्या गावची एक मुलगी नर्सिंगच्या परीक्षेसाठी तिथे राहत होती, ती आत अभ्यास करत होती. आम्ही दोघी जेवलो. भात, वरण, अंबाडीची भाजी. तिने आग्रह करून वाढलं.

हात धुतल्यावर ती म्हणाली, “ताई, एक विचारू? राग नका मानू.”

“विचार.”

“सर खोटं बोलले, ते समजलं. त्याईले जागा पाह्यजे होती. तुमाले तं काई नोयतं पाह्यजे. तुमी मले पायलं होतं. आई म्हनताना आयकलं होतं. तरी लिवलं, कोनी नाई म्हनून.”

मी तिला सांगू शकले असते की मी विचारलं होतं. सरांनी कायद्यात नाही म्हटलं, मी विश्वास ठेवला. मीच फसले. हे सगळं खरंही आहे, आणि इतके दिवस मी ते स्वतःला सांगत आले होते. पण तिच्यासमोर, तिच्याच घरात, ते तोंडातून निघेना.

“हो,” मी म्हटलं. “पाहिलं होतं.”

तिने मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. मग तिला अहेरीची गाडी गाठायची होती. आतल्या मुलीला तिने दार लावून घ्यायला सांगितलं, चपला घातल्या. तिच्या दोन पिशव्यांतली एक मी उचलली. तिने दे म्हटलं नाही आणि राहू दे असंही म्हटलं नाही. गेटमधून बाहेर पडून आम्ही ऑटो मिळेपर्यंत चालत राहिलो.